काजळी तोलली जाते, तपासली जात नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूर भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले. तेव्हापासून या विषयावरील चर्चेत एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. शहराच्या हवेतील धूलिकणांत बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ एवढी असताना पावाच्या भट्टीतल्या काजळीमागे लागण्यात काय हशील, असा त्याचा आशय असतो. हा युक्तिवाद करणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. पाववाल्यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि बांधकामाच्या धुळीचा बंदोबस्त व्हायलाच हवा. परंतु हवेत तरंगणाऱ्या कोणत्याही एक ग्रॅम कणांचा अपाय दुसऱ्या कोणत्याही एक ग्रॅमइतकाच असतो, हे जे गृहीतक या युक्तिवादाच्या मुळाशी आहे, ते रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. हा विषय शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने त्याविषयी लिहावे, एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे, पण त्याहून आखूड लिहिले असते तर निम्मेच सांगून झाले असते.

आपल्या दैनिकात हवा गुणवत्ता निर्देशांक छापला जातो. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि आपल्या शहरांत बहुतेक दिवशी निर्देशांकाचा आकडा पीएम १० किंवा पीएम २.५ या, म्हणजे अनुक्रमे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंत व्यासाच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), धूलिकणांवरूनच ठरतो. हे दोन्ही मोजले जातात ते वजनाने, म्हणजे एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत या हिशेबाने. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. समुद्रावरून आलेले मीठ, खडीची भुकटी, सिमेंट, मातीची धूळ, राख आणि काजळी हे सारे गाळणपट्टीवर एकत्र जमते आणि एकत्रच तोलले जाते. तोलण्याला माझा विरोध नाही, कारण जगभरातील आरोग्यविषयक अभ्यासांचा पाया तेच वजन आहे. पण वजनाच्या या हिशेबात काजळी फार स्वस्तात सुटते.

याचे पहिले कारण आकारमानात आहे. एक मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून, म्हणजे १०० नॅनोमीटरहून लहान कणांना अतिसूक्ष्म कण म्हणतात आणि वाहनांच्या धुरातील काजळीचे कण संख्येने बहुतांशी याच गटात मोडतात. घनता सारखी धरली तर २.५ मायक्रॉन व्यासाच्या एका कणाचे जेवढे वजन, तेवढे वजन भरायला ५० नॅनोमीटरचे सव्वा लाख कण लागतात आणि त्या सव्वा लाख कणांचा एकूण पृष्ठभाग त्या एका कणाच्या ५० पट होतो. रासायनिक अभिक्रिया पृष्ठभागावर घडतात, हे शालेय रसायनशास्त्रातले सूत्र येथे शब्दशः लागू पडते. शिवाय सुमारे २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण श्वासाबरोबर गेले की त्यांपैकी जवळजवळ निम्मे थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या टोकाशी जाऊन बसतात. श्वासनलिकेतला चिकट द्राव आणि त्याला वर ढकलणारे केसल पेशींचे अस्तर ही आपली गाळणी तेथे नाही. तेथे असतात त्या भक्षक पेशी. मोठे कण त्या चटकन गिळतात. इतक्या लहान कणांच्या बाबतीत त्यांचे काम बरेच ढिले पडते आणि कण अस्तराच्या पेशींना भिडतो, प्रसंगी आतही शिरतो.

परंतु केवळ लहान असणे हाच काजळीचा दोष असता तर हे पत्र येथेच संपले असते. आपल्या वृत्तपत्राची काळी शाई ज्या कार्बन ब्लॅकपासून बनते, त्याचे मूळ कणही काही दशक नॅनोमीटरचेच असतात. टायरमध्येही तेच असते. कारखान्यात नियंत्रित ज्योतीत बनवलेल्या या पदार्थात ९७ टक्क्यांहून अधिक शुद्ध कार्बन असतो आणि द्रावकाने धुऊन निघणारी सेंद्रिय द्रव्ये अगदी अल्प असतात. डिझेल इंजिनातून किंवा ओल्या लाकडाच्या भट्टीतून निघणारी काजळी रंगाने तशीच काळी दिसते, पण तिची घडण फार वेगळी असते, आणि हा वेगळेपणा पेशीला लगेच कळतो.

ज्योतीत जेथे प्राणवायू कमी पडतो तेथे इंधनाचे रेणू तुटून ॲसिटिलीनसारखे लहान तुकडे होतात, ते जोडले जाऊन बेंझिनसारखी कडी तयार होतात, कड्यांना कडी जुळत जाऊन बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन बनतात आणि ते पुरेसे मोठे झाले की एकमेकांवर थर बसून घन कण जन्माला येतो. साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे हे गोलक पुढे एकमेकांना चिकटून वेड्यावाकड्या साखळ्या होतात. गोलकाच्या आत ग्राफाइटसारखे थर कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे गुंडाळलेले असतात. ज्योत कशी होती यावर ते थर लांब व सपाट होतात की आखूड व वाकडे, हे ठरते, आणि आखूड थरांच्या कडा अधिक क्रियाशील असतात. धूर थंड होऊ लागला की न जळलेले इंधन, वंगण तेलाची वाफ, अर्धवट जळलेली सेंद्रिय द्रव्ये आणि गंधकाची आम्ले या साखळीवर येऊन बसतात. वंगण तेलातील जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस आणि इंजिनाच्या झिजेतील लोह हेही सोबत असतात. म्हणून काजळीचा कण हा एक पदार्थ मानणे चूक आहे. तो कार्बनचा एक गाभा आणि त्यावर जमलेले शेकडो द्रव्यांचे मिश्रण असतो. इंधन, भट्टीचे तापमान, हवेचा पुरवठा, इतकेच काय इंजिनावरचा भार बदलला तरी ते मिश्रण बदलते.

आता पेशीकडे वळू. या मिश्रणातील सर्वांत उपद्रवी गट माझ्या मते क्विनोनांचा, म्हणजे प्राणवायू जोडलेल्या कड्यांच्या सेंद्रिय रेणूंचा, आहे, आणि सामान्य चर्चेत त्याचे नाव कधीच येत नाही. क्विनोन पेशीतून एक इलेक्ट्रॉन उचलतो, तो प्राणवायूच्या रेणूला देतो आणि स्वतः पुन्हा मूळ रूपात येतो. इलेक्ट्रॉन मिळालेल्या प्राणवायूचा सुपरऑक्साइड होतो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. क्विनोन मात्र खर्ची पडत नाही; तो पुढच्या इलेक्ट्रॉनसाठी मोकळा असतो आणि असे फेरे चालूच राहतात. त्यामुळे त्याचे वजन नगण्य असले तरी परिणाम नगण्य राहत नाही. लोह किंवा तांबे जोडीला असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो, जो समोर येईल त्या रेणूवर, मग ते पेशीपटलातील मेद असोत, प्रथिन असो वा डीएनए, तुटून पडतो. १८९० च्या दशकात हेन्री फेंटन यांनी लोह आणि पेरॉक्साइडची जी अभिक्रिया नोंदवली, तीच येथे आपल्या वायुकोशांत घडत असते.

पेशी हे मुकाट्याने सोसत नाही. तिच्याजवळ ग्लुटाथायोन नावाचा एक लहानसा संरक्षक रेणू विपुल असतो. तो आधी कामी येतो. त्याचा साठा थोडा घटला की एनआरएफ-२ नावाचे प्रथिन पेशीकेंद्रात जाऊन संरक्षक विकरांची निर्मिती वाढवते, आणि तेवढ्यावर भागले तर पेशी सावरते. भार वाढला की दुसरी यंत्रणा जागी होते, एनएफ-कप्पा-बीसारखे संकेत सुरू होतात आणि इंटरल्यूकिन-८ सारखी द्रव्ये बाहेर टाकून पेशी दाह ओढवून घेते. दमेकऱ्यांचा त्रास धुराने बळावतो तो बऱ्याच अंशी या पायरीवर. त्याहूनही भार वाढला तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे (मायटोकॉन्ड्रियांचे) पटल निकामी होते आणि पेशी मरते. लॉस एंजेलिसच्या हवेतील कण गोळा करून कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यात समान वजनाच्या तुलनेत अतिसूक्ष्म कणांचा ऑक्सिडीकारक परिणाम मोठ्या कणांहून अधिक आढळला, तो त्या कणांतील सेंद्रिय कार्बन व बहुचक्रीय हायड्रोकार्बनांच्या प्रमाणाशी जुळत होता आणि हे कण तंतुकणिकांत जाऊन बसलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते.

बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचा दुसरा मार्ग अधिक संथ आणि अधिक घातक आहे. बेंझोपायरिन हे त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेले द्रव्य स्वतः फारसे क्रियाशील नसते. पेशीला ते परके वाटते, त्याला पाण्यात विरघळवून बाहेर टाकण्यासाठी ती आपली विकरे कामाला लावते, आणि या शुद्धीकरणाच्या खटाटोपातच त्याचे एपॉक्साइड हे अतिशय क्रियाशील रूप तयार होते जे डीएनएमधील ग्वानिन या घटकाला जाऊन घट्ट चिकटते. ही चिकटलेली गाठ दुरुस्त होण्याआधी पेशीचे विभाजन झाले तर जनुकात बदल कायमचा राहतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी १७७५ मध्ये जोडला होता. कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरिन वेगळे करून त्यावर बोट ठेवायला १९३३ साल उजाडले. म्हणजे काजळीत नेमके काय आहे हा प्रश्न काही आजचा नाही.

अपाय सेंद्रिय थराचा की गाभ्याचा, हे पाहण्याची प्रयोगशाळेतील पद्धत सरळ आहे. डिझेलची काजळी द्रावकाने धुतात, धुतलेला कण आणि धुवण एकाच प्रकारच्या पेशींवर वेगवेगळे टाकतात. अशा प्रयोगांत ऑक्सिडीकरणाचा ताण आणि जनुकीय बदल घडवण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात धुवणाबरोबर निघून जाते असे सामान्यतः आढळते. मात्र उरलेला गाभा निष्पाप ठरत नाही. शुद्ध कार्बनचे अतिसूक्ष्म कणही प्राण्यांच्या फुप्फुसांत दाह निर्माण करतात आणि तो दाह कणांच्या वजनापेक्षा त्यांच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी अधिक जुळतो. गाभा आणि थर यांना एकमेकांपासून तोडून दोष वाटून देण्याची घाई म्हणूनच मला पटत नाही. गाभा नसता तर वाफेसारखी ही द्रव्ये इतक्या खोलवर पोचली नसती आणि इतका काळ एका जागी टिकली नसती.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी, कारण अशा संशोधनाच्या बातम्यांना भडक मथळे मिळतात. १९७२ मध्ये एका रुग्णाच्या फुप्फुसातील गाठीतून मिळवलेली ए-५४९ ही पेशीमालिका आजही सर्रास वापरली जाते. ती कर्करोगाची पेशी आहे, निरोगी अस्तराची नव्हे. पोषक द्रवाखाली बुडालेल्या पेशींवर काजळीचा जो डोस टाकला जातो तो पुष्कळदा प्रत्यक्ष श्वासातून पोचणाऱ्या डोसाच्या कितीतरी पट असतो, आणि द्रवात कण एकमेकांना चिकटून गोळे होतात ते निराळेच. त्यातच काजळी स्वतः उत्तम शोषक असल्याने पेशींनी सोडलेली दाहकारक प्रथिने आणि तपासणीची रंगद्रव्येही ती शोषून घेते, त्यामुळे अपाय असूनही तो कमी भासू शकतो. पेशी हवेला उघड्या ठेवून त्यांवर धूर सोडण्याची पद्धत अधिक विश्वासार्ह आहे, पण महाग आहे. तेव्हा बशीतल्या पेशी मेल्या म्हणून रस्त्यावरची माणसे त्याच प्रमाणात मरतील असा हिशेब कोणी मांडू नये. पेशींवरील प्रयोगांचे खरे मोल तुलना करण्यात आहे, म्हणजे या काजळीपेक्षा ती काजळी किती वाईट आणि कशामुळे, हे सांगण्यात.

माणसांमधला पुरावा पाहायचा तर चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई परगण्याचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. तेथील स्त्रिया धूम्रपान जवळजवळ करीतच नव्हत्या, तरी त्यांच्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्युप्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या भागांमध्ये मोडत होते. घराच्या मधोमध, धुराड्याविना, उघड्या चुलीवर स्वयंपाक सर्वत्र होता. काही गावांत लाकूड जळत असे, काहींत धूर करणारा बिट्युमिनी कोळसा, काहींत धूर न करणारा अँथ्रासाइट. लाकडाच्या घरांतही धूर दाटच असे. परंतु कर्करोगाचे थैमान होते ते धुराच्या कोळशाच्या गावांत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कोळशाच्या धुरातील निम्म्याच्या आसपास कण एक मायक्रॉनहून लहान आढळले, लाकडाच्या धुरात असे कण फारच थोडे होते, आणि कोळशाच्या धुरातील सेंद्रिय द्रव्यांची जनुकीय बदल घडवण्याची क्षमताही ठळकपणे अधिक निघाली. पुढे ज्या घरांनी धुराड्याच्या चुली बसवल्या त्यांच्यात रोगाचा धोका घटल्याचे २००२ मध्ये दाखवून देण्यात आले. लाकडाचा धूर निर्दोष असा याचा अर्थ नाही. घरगुती जैवइंधनाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ ठरवले आहे, आणि चुलीपाशी आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या स्त्रियांचा जुनाट खोकला व धाप कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात दिसते. सारखाच दाट दिसणारा धूर रसायन बदलले की सारखाच राहत नाही, इतकेच श्वानवेई सांगते.

डिझेलच्या बाबतीत त्याच संस्थेने १९८८ मध्ये घेतलेली ‘बहुधा’ ही भूमिका जून २०१२ मध्ये बदलली आणि डिझेलचा धूर निश्चित कर्ककारकांच्या गटात घातला. त्यामागे अमेरिकेतील आठ खाणींमधील १२,३१५ कामगारांचा अभ्यास प्रामुख्याने होता. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाळणी बसवलेल्या आणि अल्पगंधक डिझेलवर चालणाऱ्या नव्या इंजिनांच्या धुरात उंदरांना दिवसाचे १६ तास, आठवड्याचे पाच दिवस, ३० महिन्यांपर्यंत ठेवून अमेरिकेच्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने जो प्रयोग केला, त्याच्या २०१५ मधील अहवालानुसार त्यांना फुप्फुसाच्या गाठी झाल्या नाहीत. काजळी आणि तिच्यावरचा थर काढून टाकला की धोका खरोखर उतरतो.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले, डिझेलमधील गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दशलक्ष भागांत १० भाग) आले आणि नव्या डिझेल मोटारींना वजनाबरोबर संख्येचीही मर्यादा आली: किलोमीटरमागे ६० हजार कोटी कण. आकडा अवाढव्य वाटतो, पण गाळणी नसलेले इंजिन त्याच्या शंभर पटीच्या घरात कण सोडू शकते. हा कायदा चांगला आहे. पण वाहन एकदा रस्त्यावर आले की पीयूसी केंद्रात तपासले जाते ते काय, तर धूर प्रकाशाला किती अडवतो ते. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान असलेल्या कणांबाबत ही चाचणी फार बोथट आहे. गाळणीला तडा गेला किंवा खर्च वाचवण्यासाठी ती कोणी काढून टाकली, तरी धूर डोळ्याला दिसेलच असे नाही आणि प्रमाणपत्र मिळून जाते. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून गाळणी असलेल्या डिझेल वाहनांच्या नियतकालिक तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली आहे. जर्मनीत ती मर्यादा प्रति घनसेंटीमीटर अडीच लाख कण आहे. आपल्या देशातील वाहनांच्या उत्सर्जनाची चाचणी करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यात १९६६ पासून उभी आहे. हे तंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणायला जागा नाही.

तरीही नुसती संख्या मोजून प्रश्न सुटेल असे मी म्हणणार नाही. सीएनजीची बस काळा धूर सोडत नाही, परंतु वंगण तेलातून आलेले धातुयुक्त अत्यंत बारीक कण तिच्या धुरातही असतात. गॅसची ज्योतसुद्धा काही नॅनोमीटरचे कण निर्माण करते. विजेवरच्या गाडीला धुराडेच नाही, पण ब्रेकच्या झिजेतून तांबे आणि लोह निघतेच, आणि फुप्फुसाच्या पेशींना ते डिझेलच्या काजळीहून कमी जाचक असते असे समजू नये. म्हणजे केवळ वजन घेतले तर काजळी सुटते, केवळ संख्या घेतली तर गॅसची भट्टी आणि लाकडाची भट्टी यांत नको तितके साम्य दिसू लागते. दोन्हींच्या जोडीला रसायन पाहावेच लागते.

आता पावाच्या भट्टीकडे परत येतो. भट्टीत साधे जळाऊ लाकूड जळत असेल तर एक गोष्ट. पण शहरात स्वस्त मिळते ते भंगाराचे लाकूड, म्हणजे मोडलेल्या खिडक्या-दारे, प्लायवूड, जुने फर्निचर. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधी रंगवलेल्या दारांवर शिसे किती असेल याचा भरवसा नाही. अशा लाकडाच्या काजळीवर बहुचक्रीय हायड्रोकार्बनांबरोबर शिसे आणि जस्तही बसते. त्यात भट्टीचे धुराडे बहुधा दुमजली उंचीवर, शेजारच्या खिडकीच्या पातळीला असते, आणि काजळीला वातावरणात पसरून विरळ व्हायला अवधीच मिळत नाही. बांधकामाच्या धुळीच्या एका किलोशी या काजळीच्या एका किलोची बरोबरी करून ‘वाटा थोडा’ म्हणणे हे रद्दी आणि नोटा एकाच काट्यावर तोलून दोन्हींचा एकच भाव काढण्यासारखे आहे. बेकरीवाल्यांना बदलासाठी अर्थसाह्य आणि पुरेसा गॅस मिळायला हवा ही मागणी रास्त आहे आणि ती मीही करतो; पण बदल अनावश्यक आहे, हे त्या मागणीचे समर्थन होऊ शकत नाही.

हे सर्व मोजण्याची कायदेशीर चौकट आपल्याकडे अंशतः आहेच. २००९ च्या मानकांत बारा प्रदूषके आहेत आणि त्यांत बेंझोपायरिन आहे, वार्षिक मर्यादा एक घनमीटरमागे १ नॅनोग्रॅम. आर्सेनिक आहे, ६ नॅनोग्रॅम. निकेल आहे, २० नॅनोग्रॅम. परंतु निर्देशांकाच्या आठात यांपैकी एकही नाही, त्यामुळे ते वाचकापर्यंत पोचत नाहीत आणि त्यांच्यावरून कोणी जाबही विचारत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या राज्यातील १९ शहरे आहेत, आणि शहरांची प्रगती जोखली जाते ती मुख्यतः पीएम १० च्या घटीवरून. महापालिकेचा सारा उत्साह रस्ते धुण्यात आणि पाण्याचे फवारे मारण्यात जातो तो यामुळेच. फवाऱ्याने जाड धूळ बसते, आकडा उतरतो, काजळी जिथल्या तिथे राहते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या निर्देशानुसार मोठ्या निरीक्षण केंद्रांवर अतिसूक्ष्म कण आणि कृष्ण कार्बन (काजळीतला काळा कार्बन) यांची मोजणी करायची आहे आणि कणांच्या ऑक्सिडीकरण क्षमतेचाही, म्हणजे पेशीवर वर सांगितलेला ताण आणण्याच्या ताकदीचाही, त्यात विचार झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये अतिसूक्ष्म कणांसाठी कायदेशीर मर्यादा सुचवली नाही, पण चोवीस तासांच्या सरासरीत प्रति घनसेंटीमीटर १,००० च्या खाली संख्या कमी आणि १०,००० च्या वर जास्त समजावी असे मार्गदर्शन केले.

ऑक्सिडीकरण क्षमता मोजण्यासाठी पेशीही लागत नाहीत. डायथायोथ्रायटॉल हे एक साधे रसायन ग्लुटाथायोनच्या जागी घेऊन गाळणपट्टीवरील कण त्याला किती वेगाने संपवतात हे पाहिले जाते, आणि हे काम पदव्युत्तर प्रयोगशाळेत होऊ शकते. पद्धतीचे प्रमाणीकरण अजून पूर्ण व्हायचे आहे, वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून त्यावर आज दंड आकारावा असे मी सुचवणार नाही. पण मोजायला हरकत कोणती? पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, नागपुरात ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, राज्यभर रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेत.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मुंबई महापालिकेला आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती एवढीच आहे. ज्या वस्त्यांमध्ये बेकऱ्या गॅसवर गेल्या आहेत आणि ज्या वस्त्यांमध्ये अजून जायच्या आहेत, अशा काही जागा निवडून पुढील हिवाळ्यात तेथील पीएम २.५ च्या वजनासोबत कणांची संख्या, कृष्ण कार्बन, बेंझोपायरिन, शिसे, जस्त आणि ऑक्सिडीकरण क्षमता मोजावी, एखाद्या डिझेल वाहनांच्या वर्दळीच्या चौकाचे नमुने तुलनेसाठी घ्यावेत आणि सारे आकडे संकेतस्थळावर खुले करावेत. गाळणपट्ट्या आजही बदलल्या जातातच. तोलून झाल्यावर त्यांचा एक तुकडा प्रयोगशाळेकडे पाठवायचा आहे. आणि बेंझोपायरिनचा आकडा ज्या शहरांत आज मोजला जात आहे, तेथे तो वर्षातून एकदा का होईना, निर्देशांकाच्या शेजारी आपण छापावा ही विनंती आपल्याला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
पुणे